पेंडसे बाईंचे ट्राउट

रिटायर झाल्यावर मी कॅनडातल्या ग्वेल्फच्या एका शाळेत व्हॉलंटियर म्हणून जायचो, पेंडसे बाईंच्या सहावीच्या वर्गातला माशांचा टँक सांभाळायला. एकच हिवाळा काढला, पण किस्से इतके साचले की आमची ही म्हणते, "आता दुसरं काहीतरी बोला!" तुम्ही मात्र ऐकाच.

बाई पुण्याच्या. जानेवारीत ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाची अंडी आणायची, मुलांनी पिल्लं वाढवायची आणि मे महिन्यात ओढ्यात सोडायची, असा त्यांचा प्रोजेक्ट. आदल्या वर्षी सगळी पिल्लं मेली होती. यंदाही तसंच झालं तर टँक बंद, असं प्रिन्सिपलनी बजावलं होतं.

*

पिल्लं खायला लागली आणि मला राहवेना. आपल्याकडे कुणाला अर्धपोटी उठवत नाहीत! रोज गुपचूप एक चिमूट जास्त टाकायचो. आठवड्यात पाणी खराब झालं. दुसऱ्या दिवशी तक्त्यावर खाणं घालणाऱ्यांच्या यादीत माझ्या नावापुढे बाईंनी लिहिलेलं होतं, "ऑन लीव्ह".

*

फेब्रुवारीत वीज गेली आणि पाणी गार ठेवणारं चिलर बंद पडलं. मी धावत जाऊन पार्किंग लॉटमधला बादलीभर बर्फ फावड्याने उपसून आणला. टँकमध्ये ओतणार, तेवढ्यात वर्गातल्या अनघाने बादली धरली. "काका, दॅट हॅज रोड सॉल्ट. वी आर नॉट मेकिंग लोणचं."

मग मुलांनी, जिथे बर्फ वितळवायचं मीठ टाकत नाहीत त्या मागच्या मैदानातला स्वच्छ बर्फ पिशव्यांत भरून पाण्यावर तरंगत ठेवला. पिल्लं वाचली.

*

पिल्लू मेलं की वहीत कारण लिहायचं, हा बाईंचा नियम. एकदा तीन पिल्लं उडी मारून बाहेर पडली. कारणाच्या रकान्यात एका मुलाने लिहिलं, "मी. झाकण विसरलो." बाईंनी खाली सही केली आणि त्या दिवसापासून झाकणाचं काम त्यालाच दिलं. अशी शिक्षिका मला लहानपणी मिळायला हवी होती, असं फार वाटलं.

*

मे महिन्यात बसने ओढ्यावर गेलो. बादल्यांतलं पाणी वाटेत कोमट झालं होतं, ओढा थंडगार. एकदम सोडलं तर पिल्लं दगावतात, म्हणून बाई ओढ्याचं पाणी थोडं थोडं बादलीत घालायला लावत होत्या. ड्रायव्हर घुश्श्यातच होता. दीडला बस निघणार म्हणजे निघणार, असं त्याने सकाळीच सांगितलं होतं. सव्वा वाजता तो घड्याळ दाखवत खाली आला.

बाईंनी थर्मामीटरवरची नजर न काढता त्याला सांगितलं, की आता घाई केली तर पाच महिन्यांची मेहनत वाया जाईल. आणि त्याच्या हातात प्लास्टिकचा मग दिला. तो पुटपुटत वाकला आणि पाणी घालू लागला.

पाण्याचं तापमान जुळलं, तशी मुलं एकेक पिल्लू पेल्यात घेऊन सोडायला लागली. दीड केव्हाच वाजून गेला होता आणि बादल्यांत अजून बरीच पिल्लं होती. बसमधला रेडिओ खरखरला. ऑफिस विचारत होतं, मुलं चढली का, बस का निघाली नाही? ड्रायव्हर ओल्या बुटांनी धावत गेला.

"मुलं चढतील," तो रेडिओत म्हणाला. "अजून चाळीस पॅसेंजर उतरायचेत."