ओळ कोण घेणार

आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपासनेचं गीत सुरू करायची एक रीत आहे. पेटीवर बसलेल्या माणसाने पहिली ओळ एकट्याने म्हणायची आणि थांबायचं. मग मंडळी तीच ओळ उचलते आणि तिथून पुढे गीत सगळ्यांचं होतं. याला आम्ही ओळ देणं म्हणतो. माझे वडील ओळ द्यायचे, कारण तेव्हा शहाडच्या कारखान्यात नगरकडून आलेल्या कामगारांपैकी बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं. आता सगळ्यांना वाचता येतं, कारखाना बंद पडूनही जमाना झाला, पण रीत राहिली. वडिलांनंतर पेटी माझ्याकडे आली. कोणी मला विचारलं नाही आणि मीही नको म्हटलं नाही.

मंडळी म्हणजे तरी आता कोण? उरलेसुरले म्हातारे, शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनचं कुटुंब आणि पाळक, म्हणजे आमचे पास्टर. पाळकांच्या गळ्यात तीन मंडळ्या आहेत. कल्याणची उपासना आटोपून ते रिक्षाने येईपर्यंत आमची पहिली दोन गीतं झालेली असतात. म्हणजे ओळ घ्यायला पाळकही नाहीत.

ओळ घ्यायची ती मावशी. माझी सख्खी नव्हे, सगळ्या मंडळीचीच मावशी. पहिल्या बाकावर, पंख्याखाली, डोक्यावर पदर. मी थांबले की ती श्वास घ्यायची, तिचे खांदे वर जायचे आणि ते बघून मागचे सगळे सरसावून बसायचे. ती गायली की ते गायचे. तिच्याआधी तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती.

वडील काळी दोनच्या पट्टीत गायचे. पुढे मावशीला धाप लागायला लागली, वरच्या सुरावर तिचा आवाज फाटायला लागला, तशी मी पट्टी उतरवत गेले. एका वर्षी पांढरी दोन, मग काळी एक, मग आणखी खाली. कोणाला काही बोलले नाही. म्हाताऱ्या माणसाला तुमचा आवाज गेला असं तोंडावर सांगायचं नसतं. मला वाटायचं, मंडळीला धरून राहणं म्हणजे हेच, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता.

माझी मुलगी मात्र कॉलेजात असतानाच ठाण्याला, बाळकुमच्या एका मोठ्या चर्चला जायला लागली. सोसायट्यांच्या मधे एक बँक्वेट हॉल आहे, तिथे रविवारी ते भरतं. ती तिथे स्टेजवर गाते. एकदा फारच मागे लागली म्हणून मी गेले. एसी इतका की मी पदर घट्ट लपेटून बसले. ड्रम काचेच्या खोलीत, गाण्याचे शब्द पडद्यावर. तिथल्या मुख्य गायकाने माझ्याशी हात मिळवला आणि सगळ्यांना सांगितलं की ह्या शहाडच्या वर्शिप लीडर. आमच्याकडे मला पेटीवाल्या बाई म्हणतात.

मग तो बोलायला उभा राहिला. विषय काय, तर आपल्या स्थानिक मंडळीशी निष्ठा. जिथे देवाने लावलंय तिथे रुजा, इकडे तिकडे फिरू नका. लोक माना डोलवत होते. मी आजूबाजूला पाहिलं. डोंबिवलीच्या मंडळीतली दोन भावंडं, टिटवाळ्याचं एक जोडपं, आणि आमच्याच रविवारच्या शाळेत शिकलेली तीन पोरं. मला हसूही येईना आणि रागही आवरेना.

घरी आल्यावर मी लेकीला तेच बोलून दाखवलं. म्हटलं, आमची माणसं पळवायची आणि वर निष्ठा शिकवायची, चांगलं आहे हो तुमचं.

ती चप्पल काढता काढता थांबली. म्हणाली, "आई, कोणी पळवलं नाही गं आम्हाला. तू पट्टी एवढी खाली नेलेलीस की आमचा आवाजच निघायचा नाही. आम्ही सगळे मागे बसून नुसते ओठ हलवायचो. तुला दिसायचंच नाही, तू फक्त मावशींकडे बघायचीस."

"मग बोलायचं होतं."

"काय बोलणार? मावशींना गप्प बसवा म्हणून?"

मी तिच्यावर खूप चिडले. एसी आणि ड्रम पाहिजे होते म्हणून सांग, पट्टीवर कशाला ढकलतेस, असं काहीबाही बोलले. ती जेवली नाही. मी मात्र जेवले, आणि तिचं ताट झाकून ठेवलं.

पुढच्या रविवारी ती माझ्याबरोबर शहाडला आली. बाळकुमच्या स्टेजवरून तिने त्या दिवसाची सुट्टी मागून घेतली होती. मी पेटी उघडली आणि बऱ्याच वर्षांनी वडिलांची काळी दोन धरली. ओळ दिली, थांबले. शेवटच्या बाकावरून माझ्या मुलीने ती उचलली. स्वच्छ, भरलेला आवाज. माझे डोळे भरून आले. वाटलं, झालं, जमलं, आता ही इतरांनाही घेऊन येईल. मी पुढच्या बाकाकडे पाहिलं तेव्हा मावशीचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. दुसऱ्या कडव्याला तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मागचे सगळे तिच्याकडे बघत गप्प होते. ते गीत आम्ही मायलेकींनीच पुरं केलं.

उपासना संपल्यावर मावशीने माझा गाल कुरवाळला. "लई वर नेलंस गं पोरी," एवढंच म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

लेकीला बाळकुमला तिची जागा होती, ती तिकडे गेली. मी पट्टी पुन्हा खाली आणली. महिन्याभरात मावशीच्या मुलाने टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं आणि तिला घेऊन गेला. मी फोन केला तर म्हणाली, गुडघे गेले, स्टेशनचा जिना चढवत नाही. खरंच असेल. गुडघे तर तिचे आधीपासूनच गेलेले होते, तरी ती यायची. मी विचारलं नाही, आणि आता विचारूनही काही उपयोग नाही.

गेल्या रविवारी मी नेहमीसारखी लवकर गेले. बाक पुसले, पंखा लावला. माणसं आली, आमच्या रीतीप्रमाणे एकमेकांना सलाम सलाम झालं. पहिला बाक रिकामा सोडून सगळे मागे बसले. पट्टी कुठली धरायची हेच मला कळेना, कारण ती कोणासाठी धरायची हे कळत नव्हतं. शेवटी बोटं पडली तिथे पडली. मी ओळ दिली आणि थांबले.

वॉचमनची बायको खाली बघत होती. म्हातारे सवयीने पहिल्या बाकाकडे बघत होते. मी भाता मारत राहिले, सूर धरून ठेवला, वाटेल तेवढा वेळ दिला. बाहेर रिक्षा थांबल्यासारखी वाटली, पण ते पाळक नव्हते.

मग ती ओळ मीच घेतली.