साहेबांच्या बॅगेतले बोंबील

मी विमा एजंट होतो आणि माझ्यावर विश्वास ठेवणारं सगळ्या पालघरात एकच माणूस होतं, माझी आत्या. तिचं त्यात फार नुकसान झालं.

तारापूरला वीजघराचं बांधकाम निघालं आणि बोईसरच्या रस्त्यावर ट्रक वाढले. ट्रकखाली सापडून लंगडं झालेलं प्रत्येक कुत्रं आत्या उचलून आणी. ती मूळची दातिवऱ्याची, बाजारात मासे विकायची. दोन मैत्रिणींना घेऊन तिने ‘मुक्या जिवांचं मंडळ’ काढलं होतं. एका शेठच्या गवताच्या वखारीमागे, त्याच्याच आवारात, नऊ लंगडी कुत्री, एक आंधळं मांजर आणि पंख मोडलेला बगळा असा संसार होता.

एकदा त्यातल्या काळूने शेठच्या मुनिमाचं धोतर फाडलं. (धोतराच्या आतलंही थोडं फाटलं.) शेठ भडकले, "उद्या कुणाला चावलं तर भरपाई कोण देणार? विमा उतरवा, नाहीतर महिनाअखेर आवार रिकामं करा!"

आत्या तडक माझ्याकडे आली.

"सदू, माज्या पोरांचा विमा उतरव."

"आत्या, कुत्र्यांचा विमा नसतो गं!"

"माणसाचा हाय, बोटीचा हाय, नि कुत्र्याचा नाय? मग तू इकतोस तरी काय?"

मी कंपनीला इतकी पत्रं लिहिली, की कंटाळून त्यांनी महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुंबईहून एक साहेब पाठवले. जनावरं शांत आहेत असं त्यांनी लिहून दिलं की काम झालं! आत्याने सगळ्यांना आंघोळी घातल्या. बगळ्यालासुद्धा!

आता आमच्याकडची रीत अशी, की पाहुण्याला सुक्या बोंबलांची पुडी दिल्याशिवाय धाडायचं नाही. पण कडक इस्त्रीचे साहेब ती हातात घेतील का? म्हणून स्टेशनबाहेर ते चहा पीत असताना मी पुडी गुपचूप त्यांच्या बॅगेत सरकवली. वास म्हणाल, तर आमच्या नाकाला तो कळतच नाही. साहेब वाटभर नाकाला रुमाल लावून होते. मला वाटलं, सर्दी असेल.

आम्ही आवारात शिरलो. "वा, शांत आहेत हो!" असं म्हणत साहेबांनी फॉर्म काढायला बॅग उघडली.

नऊच्या नऊ कुत्री सुटली! लंगडी इतकी पळतात हे मला तेव्हा कळलं. बगळ्याने बॅगेत मान खुपसली. आंधळ्या मांजराने साहेबांची मांडी बरोबर शोधली.

"माझी विजार! अहो, माझी विजार!"

"सायेब, हलू नका!" आत्या ओरडली. "खेळतात ती!"

"चावतायत!"

"मग बॅग सोडा की!"

"बॅगेत फॉर्म आहे!"

तेवढ्यात काळूने बोंबलासकट फॉर्म खाल्ला.

दुसऱ्या दिवशी शेठनी जनावरं बाहेर काढून फाटकाला कुलूप ठोकलं. आत्या फाटकाशी बसून रडली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्या, बोंबील मीच ठेवले होते गं."

"ठावं हाय," ती डोळे पुसत म्हणाली. "पुडी माज्याच टोपलीतली."

संध्याकाळी अख्खं मंडळ माझ्या ओटीवर हजर झालं. बायको माहेरी जायला ट्रंक भरू लागली.

"आत्या, अगं, मलाच चावली तर?"

"चावूंदे. तुजा विमा हाय ना?"

होता. एजंट म्हणून मला मिळालेलं एकुलतं एक गिऱ्हाईक मीच होतो!