पहिला पीस

सयाजीरावांनी भोसरीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं लेथ चालवली. निवृत्त झाले, पण दुसऱ्याच्या हातांकडे बघायची सवय गेली नाही. दिघीच्या घरात आता एकच कामकरी माणूस उरलं होतं, त्यांची मुलगी स्वप्नाली.

स्वप्नालीनं प्रोग्रामरांसाठी एक टूल बनवलं होतं. जुन्या प्रोग्रामचं काम तेच ठेवायचं, आतली मांडणी नीट करायची. त्यातलं एखादं नाव बदललं की ते जिथं जिथं आलंय तिथं आपोआप बदलायचं. टूल चोख होतं. फक्त कंपनीत कुणी हात लावत नव्हतं. शुक्रवारपर्यंत एकानं तरी वापरलं नाही तर ते बंद होणार होतं.

"का वापरत न्हाईत?"

"आळस, आप्पा."

"आळशी माणूस तर आधी वापरंल. दाव बरं."

तिनं नाव निवडलं, बटण दाबलं. "झालं. त्रेचाळीस जागा बदलल्या."

"कुठल्या?"

"सगळ्या."

"आगं, कुठल्या?"

ते बघायला अकरा फायली उघडाव्या लागणार होत्या.

"तुझ्या हापिसातला तो नागसेन काय करतो?"

"हातानं बदलतो, एकेक. चाळीस मिनिटं घालवतो गाढव."

सयाजीराव हसले नाहीत. लेथवर सेटिंग झालं की पहिला पीस इन्स्पेक्टरपुढं ठेवायचा; तो पास झाला की मगच बाकीचा लॉट. एकदाच त्यांनी घाईत पहिला पीस न दाखवता लॉट काढला होता. शिफ्ट संपली तेव्हा दोनशे बुश, धातूची छोटी नळकांडी, भंगारात.

"तुझं मशिन एकदम लॉटच काढतंय. पहिला पीस कुठाय?"

"पण ते चुकत नाही, आप्पा!"

"हे तुला ठाऊक. त्याला कसं कळावं?"

पुढचे दोन दिवस ती टूलमध्ये तो पहिला पीस बसवत होती. आता बटण दाबलं तरी काही बदलायचं नाही. पहिली जागा समोर यायची, वर जुनं, खाली नवं. पटलं की पुढची बघा, किंवा उरलेल्या एकदम करा.

गुरुवारी ती दारातूनच ओरडली, "नागसेननं वापरलं! टूल राहणार!" हेल्मेट अजून डोक्यावरच होतं.

"किती पीस बघितले त्यानं?"

"चार. मग बाकीचे एकदम. एकात भागलं असतं की."

"आज चार. उद्या एक बघंल." सयाजीरावांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. "एक बी बघंना झाला, तर मला ने. दोनशे बुशांचं सांगतो त्याला."