पडद्याची दोरी

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यातून निवृत्त होऊन जमाना झाला, तरी आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाचा पडदा मीच ओढायचो. चौथी शिकलेला माणूस मी, संवाद काही पाठ होत नाहीत. पण दोरी कधी दुसऱ्याच्या हाती दिली नाही.

मंडळ दोन-तीन वर्षांनी मैलापूरच्या हॉलमध्ये एक जुनंच नाटक पुन्हा बसवतं. त्यात शेवटी बायको नवऱ्याचं घर सोडून जाते. मला ते कधी पटलं नाही. ती दाराशी पोचली की मी पडदा पाडायचो. लोकांना वाटायचं, थांबली बाई.

दिग्दर्शक चिडायचे. "काका, नाटक तुम्ही लिहिलंय का?"

"नाही. पण दोरी माझ्या हातात आहे."

सहा वर्षांपूर्वी प्रयोगाला माझी मुलगी आली, सासरहून, श्रीपेरुंबुदूरहून. हातात मोठी बॅग. विंगेत येऊन म्हणाली, "अप्पा, मी परत जाणार नाही. तुमच्याकडे राहू?"

"मारतो का?"

"नाही. बोलतच नाही. दोन वर्षं झाली."

"एवढंच? मी तरी तुझ्या आईशी कुठे बोलायचो? मरेपर्यंत राहिलीच ना ती?"

"म्हणूनच विचारतेय, अप्पा."

"जा, बस जाऊन. नाटक बघ."

तिसऱ्या रांगेत बसली, बॅग मांडीवर घेऊन. त्या दिवशी पडदा मी जरा लवकरच पाडला. बाहेर आलो तर खुर्ची रिकामी. वाटलं, समजली पोरगी, गेली आपल्या घरी. चार दिवसांनी जावयाचा फोन आला, "तुमच्याकडे आहे ना ती?"

नव्हती. तिकडे गेली नव्हती, इकडेही आली नव्हती. चेन्नईतच कुठे खोली घेऊन राहते म्हणे. मी शोधायला गेलो नाही. मी कशाला जाऊ, म्हटलं.

यंदा पुन्हा तेच नाटक. शेवटचा प्रवेश आला. बायकोचं काम करणारी बाई दारातून सरळ बाहेर पडली, विंगेत माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"काका, पडदा!"

स्टेजवर नवरा एकटाच खुर्चीत बसलेला. मी त्याच्याकडेच बघत राहिलो. लोक खाकरायला लागले. तिसऱ्या रांगेत कुणी ओळखीचं दिसेना.

शेवटी दिग्दर्शक आले, माझी बोटं सोडवून दोरी घेऊ लागले. मी सोडली.