कालचा भाव

आमच्या शेजारचा नेटकॅफेवाला हिंगोलीच्या बाजारातले हळदीचे भाव वेबसाइटवर टाकायचा. वेबसाइटचं नवीन अपडेट आलं, की तो आधी सगळ्यांना चहा सांगायचा, मगच बटण दाबायचा. त्याचा हा थाट मला आवडायचा.

एकदा अपडेट झालं आणि एक व्यापारी आत आला. "कालचा भाव जरा खाली कर. शेतकरी तोच दाखवून भांडून राहिले."

"करतो की, शेठ. पण आता नवीन सोय आली. जुना भाव बी राहते, अन् कोणी, कधी बदलला ते बी. तुमचं नाव टाकू ना?"

चहा यायच्या आत व्यापारी निघून गेला.

"हे लोकांना दिसतं?" मी विचारलं.

व्यापाऱ्याच्या वाटचा कप माझ्यापुढं सरकवत तो म्हणाला, "न्हाई, फक्त मलाच. पण शेठला काहून सांगू?"