बरोबरीत सोडवलेली कुस्ती

नागपूरहून कोल्हापूरला गाडीने जायला एक अख्खा दिवस आणि वर बराच वेळ लागतो. तेवढा सगळा वेळ मी रागात होतो. खिडकीतून वर्धा गेलं, मनमाड गेलं, पुणे गेलं. राग काही उतरला नाही.

राग आमच्या ऑफिसातल्या देशकरांवर होता. ते दिवस सीडीचे होते, मोबाइलवर येणारे फोन नुकतेच फुकट झाले होते, आणि देशकरांचा मेहुणा कुठून कुठून सीड्या आणत असे. त्यातली एक त्यांनी आम्हाला दाखवली. लोखंडी जाळीचा पिंजरा, आत उघडीबंब दोन गोरी माणसं. बुक्क्या, लाथा, कुस्तीचे डाव, गळा आवळणं, सगळं चालतं. शेवटी एकाच्या कमरेला ताटाएवढा पट्टा बांधला. त्याचा एक डोळा मिटलेला होता आणि उरलेल्या डोळ्याने तो ढसाढसा रडत होता. देशकर शेंगदाणे खात म्हणाले, "पैसा. दुसरं काय असणार?"

मी म्हटलं, पैशासाठी माणूस आपल्यासारखी नोकरी धरतो, नाक कशाला फोडून घेईल? यावर वाद इतका वाढला की मी आठ दिवसांची रजाच टाकली. पिंजरा आपल्याकडे नसेल, पण मातीत उतरणारे पैलवान कोल्हापुरात आहेत. त्यांनाच विचारावं की बाबांनो, एका गदेमागे एवढे का लागता? जिना चढताना दम लागणाऱ्या माणसाने एवढ्यासाठी रजा टाकावी का, असं बायकोने विचारलं होतं. तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

कोल्हापूरच्या स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने माझी बॅग माझ्या आधी रिक्षात ठेवली. शिवाजी पेठेतली तालीम म्हणताच त्याने मान वळवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझा आकार पाहून त्याची बरीच करमणूक झाली असावी. कुस्ती संपली पावणं, आता फुटबॉल बघा, असं म्हणून त्याने पेठेपर्यंत मला आपल्या क्लबाचा इतिहास सांगितला आणि तालमीच्या दारात उतरवताना विरुद्ध क्लबाच्या गोलकीपरला एक शिवीही दिली.

तालमीत शिरताच मी पहिला पराक्रम केला. आत अंधारी, गार जागा, वास तेलाचा आणि ताकाचा. समोर लाल माती मऊ करून पसरलेली. ती नीट पाहावी म्हणून मी पुढे झालो आणि चपलांसह हौद्यात (कुस्तीच्या मातीत) दोन पावलं टाकली. जोर काढणारे दहा-बारा जण जागच्या जागी थांबले. कोपऱ्यातल्या स्टुलावरून एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उठले. हे आण्णा वस्ताद, म्हणजे तालमीचे गुरू. ते ओरडले नाहीत. मी कुठला ते विचारलं आणि माझ्या हातात फावडं दिलं.

"नागपूरचं हायसा न्हवं? मग उकरा. जिथं चप्पल पडली ती माती वर आली पायजे."

मी अर्धा तास माती उकरली. नंतर दोन दिवस मला शर्ट घालायला दुसऱ्याची मदत लागली. पण फावडं खाली ठेवल्यावर मात्र मी तालमीचा पाहुणा झालो, आणि थंडाईचा हंड्याएवढा पेला माझ्यासमोर आला. बदाम, खसखस, मिरी आणि दूध. तो पेला संपवणं उकरण्याहून अवघड होतं.

तिथेच भूपाल भेटला. वय एकतीस, कान मोडून भज्यासारखे झालेले, आवाज मात्र लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्या माणसासारखा मऊ. घर हुपरीजवळच्या खेड्यात. जैन शेतकरी कुटुंब. थोरला भाऊ हुपरीत चांदीचे पैंजण घडवतो. भूपालने आयुष्यात मांसमच्छी चाखलेली नाही, आणि दिवस मावळल्यावर तो अन्नच काय, पाणीही घेत नाही. चौविहार म्हणतात त्याला. इतर पैलवान मटणावर ताव मारायचे आणि याला डाळभातवाला म्हणून चिडवायचे. ज्यांनी ज्यांनी चिडवलं त्यांना त्याने एकेक करून मातीत झोपवलं होतं.

दोनच दिवसांनी हुपरीच्या रस्त्यावरच्या एका गावात यात्रेचं मैदान होतं. त्या मैदानाची चांदीची गदा त्या पट्ट्यात मानाची. भूपाल दोनदा तिच्या कुस्तीपर्यंत पोचला होता. एकदा पाय मुरगळला, एकदा अवकाळी पाऊस आला. या वर्षी शेवटचं. नंतर भावाच्या कारखान्यात बसायचं, असा शब्द त्याने घरी दिला होता. मी त्याच्या बोटांकडे पाहिलं. एकेक बोट वेलची केळ्याएवढं. या बोटांनी हा घुंगरू जोडणार?

मी वही-पेन काढून त्याला माझा प्रश्न विचारला. त्याने आधी अंगावरची माती झाडली.

"हितं तालमीत मला कोण पाडत न्हाय. गावात बी न्हाय. मग मी चांगला हाय, का माझ्या भवतीचं कच्चं हायत? हे कसं कळायचं? त्या गदेला जो येतोय, त्यो कच्चा नसतोय. एकदा कळलं की झालं. मग गप जाऊन पैंजण करीन."

देशकरांना हे लगेच फोन करून सांगावं असं वाटलं, पण बाहेरचा फोन करायला अजून पैसे पडत होते.

मैदानाच्या दिवशी दुपारी आम्ही जीपमध्ये कोंबले गेलो. वस्ताद पुढे, पैलवान मागे, मी पैलवानांच्या मध्ये, म्हणजे हिशेबात कुठेच नाही. दोन्हीकडे ऊस. गावात शिरलो तर हलगीचा आवाज आमच्या आधीपासून चालू. माणसं गोल करून जमिनीवर बसलेली, झाडांवर बसलेली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी. माझ्या शेजारच्या आजोबांनी मला अर्ध्या कन्नडात आणि अर्ध्या मराठीत प्रत्येक डावाची चूक सांगितली. डाव संपायच्या आधीच सांगत होते, आणि एकदाही चुकले नाहीत.

शेवटची कुस्ती भूपाल आणि तानाजी यांची. तानाजी सांगलीकडचा, भूपालहून चार बोटं उंच, चेहरा शांत. दोघांनी हातात हात दिला आणि मातीची चिमूट एकमेकांच्या खांद्यावर टाकली. पुढची वीस मिनिटं मी श्वास कधी घेतला ते आठवत नाही. तानाजीने दोनदा कंबर धरली, दोनदा भूपाल निसटला. भूपालने त्याला एकदा खाली आणला, पण एकच खांदा टेकला. मातीतल्या कुस्तीत दोन्ही खांदे टेकल्याशिवाय हार नाही, हे आजोबांनी मला तीनदा बजावलं. दोघांच्या घामाने माती गडद झाली होती. आता काहीतरी होणार हे लहान पोरालाही कळत होतं.

आणि तेवढ्यात लाउडस्पीकर बोलला.

व्यासपीठावर एक पुढारी आलेले होते. त्यांना पुढे एका लग्नाला जायचं होतं, आणि गदा तर त्यांच्याच हस्ते द्यायची होती. म्हणून यात्रा कमिटीने जाहीर केलं की ही कुस्ती बरोबरीत सोडवण्यात येत आहे. दोघेही मानकरी. गदा सहा महिने याच्या घरी, सहा महिने त्याच्या घरी.

सहा महिने याच्या घरी! जणू म्हातारी आईच दोन भावांमध्ये वाटून घ्यायची होती. ज्याने या एका निकालासाठी दहा वर्षं पहाटे चारला उठून हजार-हजार बैठका मारल्या, त्याला सांगायचं की साहेबांना अक्षता टाकायला उशीर होतोय? लग्नं महाराष्ट्रात रोज लागतात. नवरानवरी साहेबांवाचून अडून बसणार नव्हते. लोकांनी आरडाओरडा केला, टोप्या उडवल्या. हौद्यात ते दोघे अजून तसेच, हात एकमेकांच्या मानेवर. पंचाने सोडवायला जोर लावला तेव्हा कुठे सुटले.

मग मी दुसरा पराक्रम केला. तावातावाने गर्दी तुडवत व्यासपीठावर चढलो. कमिटीला चार शब्द सुनवायचे, पुढाऱ्याला दोन, असं ठरवून गेलो होतो. पण परका माणूस, पायात बूट, खिशाला पेन, चढताना धाप लागलेली. कमिटीला वाटलं, कोणीतरी मोठा माणूस उशिरा पोचला. मी तोंड उघडायच्या आत माझ्या डोक्यावर फेटा चढला होता. हातात नारळ आला. नागपूरहून खास या मैदानासाठी आलेले पाहुणे, असं जाहीर झालं आणि हलगी कडाडली. निषेध करायला गेलेल्या माणसाचा सत्कार करण्याची ही पद्धत मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही. फेट्याचं एक टोक तोंडात गेल्यामुळे मी जे काही बोललो ते आभारासारखं ऐकू आलं म्हणतात.

त्यानंतर भाषणं. चिठ्ठी टाकून गदेचे पहिले सहा महिने कुणाचे ते ठरवलं. ते भूपालच्या वाट्याला आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तो सोडून. तो उसाच्या शेंड्यांकडे पाहत होता. मला वाटलं, वाईट वाटलं असेल म्हणून. तो सूर्य पाहत होता. कुस्तीआधी तो जेवत नसे. जीपमध्ये डबा होता, भाकरी, डाळ, दूध. आभार मानणारा गृहस्थ मंडपवाल्यापर्यंत पोचला तेव्हा सूर्य बुडाला.

परतीच्या जीपमध्ये तानाजीही होता. त्याला कोल्हापुरातून सांगलीची गाडी धरायची होती. गदा भूपालच्या मांडीवर आडवी. तानाजी तांब्याने पाणी पीत होता, आणि त्याचं लक्ष बंद डब्याकडे गेलं.

"जेवला न्हाईस?"

"आता सकाळी."

"पाणी?"

"ते बी सकाळी."

तानाजीच्या तोंडात घोट होता. तो त्याने खिडकीबाहेर थुंकला आणि तांब्या वस्तादांकडे दिला. मग भूपाल म्हणाला, "मला आज काय कळलं न्हाय गा."

"मला तरी कुठं कळलंय."

"सकाळची एसटी किती वाजता हाय?"

"धाला एक हाय की."

एवढंच. एकाने दुसऱ्याला आव्हान दिलं नाही, कोणी शड्डू ठोकला नाही. वस्ताद पुढून म्हणाले की दिवसरात्र उपाशी राहून कुस्ती धरणारे आपण पाहिले नाहीत. आधी खा, जिरवा, मग बघू. भूपाल म्हणाला, जिरायला दुपार होईल, आणि याची नोकरी आहे. तानाजी म्हणाला, मीही जेवत नाही, मग तर झालं? वस्तादांनी रस्त्याकडे पाहत उत्तर दिलं, "आज एवढीच एक बरोबरी खरी झाली म्हणायची."

तानाजी तालमीतच झोपला. उजाडताना मी पोचलो तेव्हा दोघे मिळून हौदा उकरत होते, एक या कडेने, एक त्या. मारुतीला नमस्कार झाला. हलगी नाही, लाउडस्पीकर नाही. प्रेक्षक म्हणजे मी आणि मातीच्या कडेला बसलेलं एक मांजर. पंच वस्ताद. या खेपेला मी चपला रस्त्यावरच काढल्या होत्या.

वेळ मी मोजला नाही. त्यांच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. भूपालने पाय धरून पट काढला, तानाजी निसटला; पुन्हा भिडले. आणि मग तानाजीचा हात भूपालच्या बगलेतून वर गेला, कंबर फिरली, आणि भूपाल हवेत गेला. खाली आला तो पाठीवर. वस्ताद गुडघ्यावर बसून वाकून पाहत होते. त्यांनी तळहात मातीवर आपटला. एकदाच. भूपाल त्यांचाच, त्यांच्या हातचा, पण हात अर्धा क्षणही थांबला नाही.

भूपाल तसाच पडून छताकडे बघत राहिला. तो रडतोय की काय म्हणून मी पुढे सरकलो, तर त्याचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा होता. तो उठला, त्याने तानाजीच्या पाठीची माती पुसली, त्याचा हात वर धरला आणि त्याला हौद्याभोवती फिरवलं. जिंकलेल्याने मैदानाला फेरी मारायची असते. ती त्याने मांजरासमोर पूर्ण मारायला लावली. मग आत जाऊन गदा आणली आणि त्याच्या खांद्यावर ठेवली. तानाजी म्हणाला, सहा महिने तुझे आहेत. भूपाल म्हणाला, कुणाचे सहा महिने, आणि दूध तापवायला गेला.

आम्ही दूध पीत असताना सकाळचा पेपर आला. त्यात मैदानाची बातमी होती: प्रेक्षणीय कुस्ती बरोबरीत. फोटोही होता. दोन पैलवानांचा नव्हे, फेटा बांधलेल्या, नारळ धरलेल्या माझा. तानाजी इतका हसला की त्याचं दूध सांडलं. भूपाल हसला नाही. त्याने बातमी दोनदा वाचली, पेपर माझ्या मांडीवर ठेवला आणि त्याच्या त्या मऊ आवाजात म्हणाला, "पावणं, तुमी लिवता न्हवं? मग हे खोटं हाय म्हणून लिवा. मी पडलो म्हणून लिवा."

मी म्हटलं, अरे, जगात कोणी आपली हार छापायला सांगतो का?

"हार-जीत ऱ्हाऊ द्या. धा वर्सं घासलंय, त्याचं उत्तर आलंय. ते बरोबर छापून येऊ दे की."

दहाच्या एसटीने तानाजी गेला. दुपारच्या गाडीने मी निघालो, आणि परतीच्या सगळ्या वाटेवर पुन्हा रागात होतो. निकाल लावण्यासाठी माणसं उपाशी राहायला तयार असतात, आणि आपण त्यांचा निकाल लग्नाच्या मुहूर्तावर उधळून टाकतो, वर फेटे बांधतो. नागपुरात आल्यावर मी चार ओळींची दुरुस्ती लिहून त्या पेपराला पाठवली. उत्तर आलं नाही. दुसऱ्या एका संपादकांनी विचारलं, मैदानाबाहेरच्या कुस्तीला अर्थ काय, आणि साक्षीदार कोण?

साक्षीदार मी आहे. म्हणून ज्याने सांगितलं त्याच्या शब्दाखातर इथे लिहून ठेवतो: ती कुस्ती बरोबरीत सुटली नाही. शिवाजी पेठेतल्या तालमीत, दुसऱ्या दिवशी सकाळी, तानाजीने भूपालला चितपट केलं. दोन्ही खांदे टेकले होते. मी पाहिलं.