सल्ला न देण्याची परीक्षा

घरात तिला सगळे फुकटताई म्हणत, कारण सल्ला ती फुकट वाटायची. औषधाच्या दुकानात ती काउंटरमागे काम करायची. खोकल्याचं औषध मागायला आलेला माणूस झोप, चष्मा आणि बायकोशी कसं वागावं, एवढं ऐकून घरी जायचा. बरेचदा औषध विसरूनच. मग तिला वाटलं, एवढी हौस आहे तर रीतसर शिकावं. आरोग्य शिक्षण आणि वर्तनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात तिने नाव घातलं आणि नेमकी तिथेच जिभेवर गदा आली.

पहिल्याच तासाला मॅडम म्हणाल्या, "सांगून माणूस बदलत असता तर जगात एकही सिगारेट खपली नसती. समोरच्याला बोलू द्या. कारणं त्याची, वाटही त्याचीच."

लेखी परीक्षेत ती वर्गात पहिली आली. प्रात्यक्षिकात नापास, तेही दोनदा. करायचं काय, तर खऱ्या माणसाशी त्याच्या एखाद्या सवयीवर गप्पा मारायच्या आणि त्या रेकॉर्ड करून आणायच्या. सल्ला मात्र एकही द्यायचा नाही. पहिल्या खेपेला तिने नमस्कार करता करताच भरपूर पाणी प्यायला सांगितलं. दुसऱ्या खेपेचा माणूस रडकुंडीला येऊन म्हणाला, "सोडतो, सगळं सोडतो, पण आता मला जाऊ द्या!" आता शेवटची संधी उरली होती. ती हुकली की पदवी गेली, आणि मुक्काम पुन्हा त्याच काउंटरमागे.

तिने काकूला गाठलं. काकू शिवणकाम करायची. दुकानांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर तिचा गाळा होता. रक्तदाब चढलेला, पण गोळ्या मनाला येतील तेव्हा. वर्षभर सगळ्यांनी ओरडून पाहिलं होतं.

फुकटताईने फोन मशीनशेजारी ठेवला. "तुमच्या गोळ्यांबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"अगंबाई! मी 'तुम्ही' कधीपासून झाले?" काकूने दाताने दोरा तोडला. "दोनदा गटांगळ्या खाल्ल्यास ना? आज तिसऱ्यांदा पाडते की नाही, बघ."

तिने डबा उघडला, उकडलेल्या अंड्यावर चिमूटभर मीठ टाकलं, पुतणीकडे पाहिलं आणि आणखी चिमूटभर टाकलं.

"म्हणजे... तुला मीठ आवडतं," फुकटताई दातांवर दात रोवून म्हणाली.

"भारी आवडतं! आणि शेजारीण म्हणते, गोळी एक दिवसाआड घेतली तरी भागतं. खरं का गं?"

फुकटताईच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. "तुला ते पटलं?"

"काय मेली पोपटासारखी मलाच उलट विचारतेस! बोल की!"

फुकटताई बोलली नाही. काकूला सगळं सोसायचं. समोरच्याचं गप्प बसणं तेवढं सोसायचं नाही.

"अगं, ती गोळी घेतली की सारखं जावं लागतं," ती एकदम म्हणाली. "आणि मजल्यावरच्या संडासाची किल्ली त्या घड्याळवाल्याकडे. दुकानाच्या पाटीवरून भांडण झाल्यापासून मी त्याचं तोंड बघत नाही. मरेन, पण त्याच्याकडे किल्ली मागणार नाही. म्हणून कामाच्या दिवशी गोळीच नको."

हे आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं. फुकटताईच्या जिभेवर उत्तर तयार होतं: डॉक्टरांना हे सांग, गोळीची वेळ बदलता येते का विचार. तिने खुर्चीची कड घट्ट धरली. "मग यातून वाट कशी काढावी असं वाटतं तुला?"

काकूने भिंतीच्या खुंटीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "त्याच्या बायकोने त्याची नवी पॅन्ट आखूड करायला दिलीय. उद्या मेव्हण्याच्या दुकानाचं उद्घाटन आहे म्हणे. किल्लीची जोडकिल्ली हातात पडेस्तोवर पॅन्ट सोडतच नाही!"

कुणीही शहाणं माणूस इथे 'असलं काही करू नकोस' म्हणालं असतं. फुकटताईचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"म्हणजे... तुझं ठरलंय."

"ठरलं!"

मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकलं. पॅन्टपाशी थांबवून पुन्हा ऐकलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "वाट त्यांनी स्वतःची स्वतःच काढली, यात तिळमात्र शंका नाही. पास."

फुकटताई तडक काकूच्या गाळ्यावर गेली आणि बांध फुटला. "आता ऐक! आधी डॉक्टरांना गाठ, गोळीची वेळ बदलता येते का विचार. मीठ कमी कर. आणि लोकांच्या पॅन्टी अडवून ठेवणं बरं दिसत नाही!"

"दिली गं त्याची पॅन्ट," काकू घाईघाईने उठली. नवी कोरी किल्ली तिच्या बोटाला लटकत होती. "सकाळी गोळी घेतलीय मी. तू बोलत राहा, मी आलेच."